होडीचं काय करायचं

सामान हलवणाऱ्या कंपनीचा यादीवाला माणूस एकेका खोलीतून पेन्सिलीनं खुणा करत शेवटी बैठकीच्या खोलीत आला. खुर्चीत बसलेल्या तिच्या नवऱ्याला वळसा घालून त्यानं खिडकीखालचं कपाट मोजलं आणि कागद उलटता उलटता सहज विचारलं, "आणखी काही? घराबाहेर कुठे काही ठेवलेलं? गॅरेज, गोदाम, कुणाकडे सांभाळायला दिलेलं?" ती म्हणाली, "नाही." ते ठरवून म्हटलेलं नव्हतं. साबणाच्या हातातून पेला निसटावा तसं ते तोंडातून निसटलं, आणि निसटल्यावरच तिला कळलं की आपण काहीतरी फोडलं आहे. नवऱ्यानं डावा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर आपटला. एकदा, मग पुन्हा. "बरं," तो म्हणाला. "बरं. बरं. बरं!" यादीवाला दचकला आणि कसंनुसं हसला. "साहेब बरं म्हणतायत," तो म्हणाला. "मग लिहू ना, बाहेर काही नाही म्हणून?" नवऱ्याचा चेहरा एका बाजूनं लाल झाला होता, दुसरी बाजू जिथली तिथे, ओल्या मातीसारखी. ती त्या लाल बाजूकडे बघत म्हणाली, "लिहा."

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा एकदमच गेली. हात-पाय परतले नाहीत. भाषेतला एक शब्द तेवढा परत आला. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, सगळं वाहून जातं आणि एखादाच शब्द कुठेतरी अडकून राहतो. कुणाच्या तोंडात शिवी राहते, कुणाच्या तोंडात आईची हाक. हिच्या नवऱ्याच्या तोंडात राहिलं 'बरं'. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्या कुठल्याही म्हणण्याला कधी 'बरं' म्हटलं नव्हतं. तो 'बघू' म्हणायचा. पडदे बदलू या? बघू. आईला चार दिवस बोलावू? बघू. त्या 'बघू'च्या पुढे कधीच काही दिसायचं नाही. आणि आता हे. पहिले काही आठवडे तो शब्द ऐकला की तिला रडू यायचं. मग एकदा त्याचे केस विंचरताना तिनं विचारलं, "खिडकी उघडू?" "बरं." "की बंदच असू दे?" "बरं." तिच्या हातातला कंगवा थांबला. "मी वेडी आहे का हो?" "बरं." "तुमची आई खाष्ट होती, होती ना?" "...बरं." ती खो खो हसली. कितीतरी वर्षांत एवढी हसली नव्हती. समोरच्या आरशात त्याचे डोळे तिच्याकडे बघत होते. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की त्यांना कळतं सगळं, ऐकलेलं आणि पाहिलेलं, समजुतीत काडीचाही फरक नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं. नसतं तर त्या खेळात मजा कसली?

दुपारी लेकीचा फोन आला. त्यांनी आता लेकीच्या शहरात राहायला यायचं होतं. चौथ्या मजल्यावरचं घर तिनंच शोधलं होतं, लिफ्ट मोठी, दारं रुंद, चाकाची खुर्ची आत-बाहेर करायला सोपं. "आई, होडीचं काय केलंस?" लेकीनं विचारलं. घरात सोफा होता, शिवणयंत्र होतं, एकतीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मान मोडून ती ज्यावर बसली ते उंच स्टूल होतं, निवृत्तीच्या वेळी मैत्रिणींनी हट्टानं दिलेलं. यांतलं काय करणार हे लेकीनं विचारलं नाही. "बघू," ती म्हणाली. "बघू काय? बाबांनी हातानं बांधलीय ती. तिथेच तळ्यावरच्या शेडमध्ये नीट ठेवायला सांग. मग आपण बघू कशी आणायची. इथे नदी आहे आई, नुसती दिसली तरी..." "नुसती दिसली तरी काय?" "तुला नाही कळायचं," लेक म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे तुला पाण्याचं वावडं ना, म्हणून म्हटलं."

पाण्याचं वावडं. ती फोन ठेवून बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा ते दोघं एका मोठ्या फेरीबोटीतून त्याच्या मावशीकडे गेले होते. ऊन होतं, कठडा तापला होता, इंजिनातून तेलाचा वास येत होता. आणि ती ओकली. कठड्यापर्यंत पोचायच्या आत, त्याच्या नव्या बुटांवर. त्यानं तिला धरलं, पाठ चोळली, स्वतःच्या रुमालानं तोंड पुसलं, आणि मावशीच्या दारात पाऊल टाकल्या टाकल्या सगळ्यांना सांगितलं, "हिला पाण्याचं वावडं आहे बरं का! बादलीतलं पाणी हललं तरी हिला चक्कर येते." सगळे हसले, तीही हसली. पुढे ती गोष्ट घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळू लागली, आणि दरवेळी बुटांची किंमत आणि तिचा पिवळा पडलेला चेहरा थोडा थोडा वाढत गेला. त्या प्रवासानंतर तीन आठवड्यांनी, भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीघरात, तिला रक्त गेलं. रोज दिवसभर लोकांचं रक्त काचेवर पसरणाऱ्या बाईला ते कसलं रक्त आहे हे कळायला सूक्ष्मदर्शक लागला नाही. त्याला सांगितलं तेव्हा तो रडला, त्यानं गरम पाण्याची पिशवी आणून दिली. पण या दोन गोष्टी एकाच्या शेजारी एक ठेवून त्यानं कधी पाहिल्या नाहीत. दोन महिन्यांनी पाहुणे आले आणि फेरीबोटीची गोष्ट पुन्हा सुरू झाली. 'अहो, ते पाण्यानं नव्हतं हो', एवढं एक वाक्य होतं. आधी जखम ओली होती म्हणून ती बोलली नाही, नंतर पाहुण्यांसमोर कसं बोलायचं म्हणून, आणि त्यानंतर, त्यानंतर मात्र ते वाक्य तिला कुणाला द्यावंसंच वाटेना. त्या घरात भिंतीपासून भांड्यांपर्यंत सगळं दोघांचं होतं. हे एक तेवढं तिचं एकटीचं होतं. तिनं ते मुरत ठेवलं.

लेक सात वर्षांची असताना त्यानं होडी बांधायला घेतली. तो मोजणी खात्यात नकाशे काढायचा; लोकांच्या जमिनींच्या हद्दी टोकदार पेन्सिलीनं आखून आखून त्याच्या बोटांना एक कोरडा नेमकेपणा आला होता. होडीचाही त्यानं आधी नकाशा काढला, जेवणाच्या टेबलावर चार दिवस पसरून ठेवला, आणि ते चार दिवस सगळे उभ्यानं जेवले. दोन वर्षं लागली होडीला. मग बावीस वर्षांचे रविवार. सकाळी तो आणि लेक डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी उन्हानं नाकं भाजून परतायचे, आणि त्यांच्या तोंडात वेगळेच शब्द असायचे. वारा पडला, वल्हं धरलं नाही, नाळ वळली. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. लेक तिथे बसायची. "मी नाळेवर बसले होते आई!" नऊ-दहा वर्षांची पोर नाचत सांगायची, आणि ती ओले मोजे उचलत म्हणायची, "बस हो, बस." एकदाही त्यानं तिला चल म्हटलं नाही. कसं म्हणणार? वावडं होतं ना. तिनं त्या होडीला पाण्यात कधी पाहिलं नव्हतं, पण पाण्यात पाहत मात्र ती आली होती, बावीस वर्षं, दर रविवारी, डब्याचं झाकण लावता लावता.

रविवारी सकाळी तिनं गाडी बोलावली, नवऱ्याला स्वच्छ शर्ट घातला आणि म्हणाली, "चला, होडीचं काय करायचं ते ठरवू." त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिला क्षणभर त्याचा तिशीतला चेहरा दिसला. तळ्याकाठच्या शेडची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कप्तान म्हणायचे; जन्मात त्यानं समुद्र पाहिला नव्हता. खुर्ची दिसताच तो धावत आला, नवऱ्याच्या गुडघ्यांशी वाकून "साहेब, साहेब" करत राहिला आणि मग सरळ होत तिला म्हणाला, "आणि वहिनी, तुम्ही? पाण्यापाशी? साहेब सांगायचे ना नेहमी..." म्हणजे इथेही. इथे, जिथे तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथेसुद्धा ती पिवळ्या चेहऱ्यानं त्या बुटांवर ओकत उभी होती. "होडी ठेवायची म्हणजे काय काय करावं लागतं?" तिनं विचारलं. कप्तानानं डोकं खाजवलं. लाकडी घोड्यांवर पालथी घालता येईल, तो म्हणाला, वर ताडपत्री. पण लाकडाची होडी, तिला पाणी हवं. कोरडी पडली की फळ्या आकसतात, फटी पडतात. "वापरणारं कुणी नसलं तर ठेवणं म्हणजे मारणंच वहिनी, फक्त सावकाश. त्यापेक्षा इथे पोहायला शिकवणारे एक सर आहेत, कधीपासून मागे लागलेत. जिवापाड जपतील." ती खुर्चीकडे वळली. "अहो, ऐकलंत ना? मग ठेवू या?" "बरं," नवरा म्हणाला, डोळे होडीवर. "की त्या सरांना देऊन टाकू या?" त्याची नजर होडीवरून तिच्याकडे वळली. "बरं." "की फोडू या सरळ?" या वेळी शब्द यायला फार वेळ लागला. त्याचा गळा हलत होता, ओठांची चांगली बाजू काहीतरी दुसराच आकार घेऊ बघत होती, कपाळावर शीर उभी राहिली होती, आणि तिला अगदी जवळून, काचेखाली दिसावं तसं दिसलं की तो 'नाही' शोधतोय. आख्ख्या ओसाड पडलेल्या घरात तो तो एक शब्द शोधत फिरला आणि रिकाम्या हातानं परत आला. "बरं," तो म्हणाला आणि मान खाली घातली. "बघा," ती कप्तानाला म्हणाली, "सगळ्याला तयार आहेत." कप्तान तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, माणसाला असं विचारू नये."

त्या बोलण्यानं तिच्या कानशिलांशी ऊन लागल्यासारखं झालं, आणि कदाचित त्यामुळेच ती म्हणाली, "मला बसायचंय होडीत. न्याल?" कप्तानानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी तिच्याकडे. खुर्चीचा ब्रेक लावून, गाडीवाल्याला शेजारी उभं करून ती चपला काढून होडीत उतरली. बसायची फळी मध्यभागी घासून घासून मऊ झाली होती. काठ सुटला. तिनं पोट आवळून धरलं आणि वाट पाहिली. छत्तीस वर्षं लोकांनी सांगून सांगून एखादी गोष्ट खरीही होऊन बसली असेल, कुणी सांगावं. काहीच झालं नाही. तळाच्या फळीखाली, तिच्या टाचांच्या अगदी खाली, पाणी कुणीतरी हळू बोलत असल्यासारखं वाजत होतं. तापल्या लाकडाचा आणि डांबराचा वास येत होता. काठावरचे आवाज एकेक करून गळून पडले, गाडीचा, कप्तानाच्या कुत्र्याचा, स्वतःच्या डोक्यातला; आणि तिला भूक लागली, तापातून उठल्यावर लागते तशी, साफ आणि मोठी. तिनं हात पाण्यात सोडला. पाणी बोटांमधून गेलं. म्हणजे हे होतं तर. तिला वाटलं होतं, तिथे मासे असतील, घाम असेल, पुरुषांचा काहीतरी कंटाळवाणा खटाटोप असेल. हे असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. हे त्याच्याकडे दर रविवारी होतं, आणि घरी त्यानं फक्त ओले मोजे आणले. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते रडू नव्हतं; आत कुठेतरी काहीतरी थंड आणि स्वच्छ होत गेलं. तिनं वळून काठाकडे पाहिलं. खुर्ची लहान झाली होती. त्याचा डावा हात वर होता. बोलावत होता, की निरोप देत होता, की आनंदानं हलवत होता, एवढ्या लांबून कळत नव्हतं. तिनं हात वर केला नाही. "आणखी थोडं पुढे घ्या," ती कप्तानाला म्हणाली.

परत आली तेव्हा त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. हसत होता की रडत होता देव जाणे. "बरं, बरं" असं काहीतरी लहान मुलासारखं चाललं होतं. तिनं त्याची हनुवटी पुसली, गाडीवाल्याच्या मदतीनं त्याला आत बसवलं, पट्टा लावला, आणि "पिशवी राहिली" म्हणून मागे फिरली. "फोडा," तिनं कप्तानाला सांगितलं. त्याला आधी कळलंच नाही. "सरांना द्यायची ना?" "कुणालाच द्यायची नाही. फोडा. लाकूड तुम्ही घ्या." "वहिनी, तांब्याचे खिळे आहेत तिला. एकेक साहेबांनी स्वतःच्या हातानं ठोकलाय. बोटं रक्ताळायची." "मला माहीत आहे," ती म्हणाली, "पट्ट्या मीच बांधायचे." कप्तान दोन्ही हात लोंबते सोडून उभा होता. "आणि साहेबांनी विचारलं तर?" तो म्हणाला. आपण काय बोललो ते लगेच लक्षात येऊन त्यानं मान वळवली. तिनं पिशवी उचलली. गाडीत बसल्यावर, रस्त्याला लागल्यावर, ती समोर बघत म्हणाली, "ठेवायला सांगितलीय. घोड्यांवर, वर ताडपत्री. कप्तान लक्ष देणार आहे." तेव्हा नवऱ्यानं तिचा हात शोधला. शोधला, धरला, वर उचलला आणि आपल्या खरखरीत गालाला लावून तसाच ठेवला. छत्तीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. करणाऱ्यांतला तो नव्हताच. तिच्या बोटांना अजून तळ्याचा गारवा होता. हात काढून घ्यावा असं तिला वाटलं, आणि तिनं तो काढला नाही. घर येईपर्यंत नाही.

तीन दिवसांनी कप्तानाचा फोन आला. "झालं," एवढंच तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून फोनवर हात ठेवून हसली.

नव्या शहरातल्या खिडकीतून नदी दिसायची. वाळूचे पडाव संथपणे जायचे आणि तो दिवसभर बघत बसायचा. संध्याकाळी ती दिवे लावायला आली की तो हात पुढे करायचा, ती शेजारी बसायची, आणि तो तळहात हवेत पालथा घालून तिच्याकडे प्रश्नानं बघायचा. "आहे हो," ती म्हणायची. "ठेवलीय." मग तो तिचा हात घ्यायचा. ही वेळ तिला दुपारपासूनच जवळ येताना जाणवू लागली. ती केस नीट करायची. एकदा तर साडी बदलली आणि स्वतःचीच लाज वाटून पुन्हा जुनी नेसली. जे मिळायला हवं होतं ते मिळत होतं. कुठल्या वाटेनं मिळत होतं, याकडे तिनं पाठ फिरवली होती. आठवड्यातून दोनदा लेकीनं शोधलेली एक मुलगी यायची, बोलायला शिकवणारी. चित्रांचे पत्ते घेऊन ती त्याच्यासमोर बसायची, ओठांवर बोट ठेवून आवाज काढून दाखवायची. महिन्याभरात 'पाणी' आलं. मग 'चहा', 'दार', लेकीचं नाव. घरात पेढे वाटावेत असा आनंद लेकीला झाला. तीही आनंदली, खरंच आनंदली, निदान पहिल्या दहा-बारा शब्दांपर्यंत. मग एका शनिवारी त्यानं नदीकडे बोट दाखवून म्हटलं, "होडी." लेकीनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "आणू या बाबा! मोठी सुट्टी लागली की टेम्पो करून आपणच जाऊ, तुम्ही पुढे बसा. आई, कप्तानाला फोन करून ठेव ना." "करते," ती म्हणाली. सुट्टीला अकरा आठवडे होते.

सांगून टाकता आलं असतं. लाकूड किडलं होतं, कप्तानानंच सुचवलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. अशी दोन-चार वाक्यं तिनं भाजी निवडताना जुळवून पाहिली. लेकीला ती पटलीही असती. पण त्यानंतरच्या संध्याकाळी तो हात पुढे आला नसता, हेही तिला दिसत होतं. आणि शिवाय तो आता शोधायला लागला होता. बंद दाराआड त्या मुलीबरोबर तो काहीतरी घोकत असायचा, तुटक, घोगरं, पुन्हा पुन्हा, आणि ती बाहेर पाण्याचा नळ बंद करून ऐकत उभी राहायची. काय म्हणतोय ते नीट लागायचं नाही. मंगळवारी मुलीनं दार उघडून तिला हाक मारली. "काकू, या, या! काकांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय." तो खुर्चीत ताठ बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, श्वास घेतला. "तू," तो म्हणाला. थांबला. "तू... चल." आणि मग, कपाळावर घाम फुटेपर्यंत खटपट करून, "होडीत." मुलीनं टाळ्या वाजवल्या. "पहिलं वाक्य! काकू, चार महिन्यांत वाक्य म्हणजे केवढी गोष्ट आहे! आणि हे त्यांनी स्वतः निवडलं हं, मी नाही दिलं." तिनंही टाळ्या वाजवल्या. तिचे हात वाजत होते, आणि त्यांच्याकडे ती दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत होती. तो हसत होता, अर्ध्या तोंडानं, आणि उत्तराची वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपेत असताना स्वयंपाकघराचं दार लावून तिनं त्या मुलीला फोन केला. "तुम्ही आता नका येऊ," ती म्हणाली. "त्यांना फार थकवा येतो. काल रात्रभर डोळा लागला नाही." मुलगी गोंधळली. "पण काकू, आत्ताच तर कुठे... हवं तर एकदा येते आठवड्यातून. नाहीतर असं करा, पत्ते ठेवून जाते, तुम्हीच घ्या त्यांच्याकडून करून." "नको. पत्ते नकोत." "काकू, मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. एकदम थांबलात तर पुढचं सोडाच, आलेले शब्दसुद्धा जातात. घरात कुणी बोलायला लावलं नाही तर हळूहळू सगळं पुसलं जातं."

ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. लेकीनं मोठ्या सुट्टीच्या पहिल्या दिवसाभोवती लाल गोल काढून ठेवला होता. तिनं बोटानं आठवडे मोजले, खालून वर, मग खात्री करायला वरून खाली.

"हो का?" ती म्हणाली. "साधारण किती दिवसांत जातात?"